८९५ पैकी ७: पण छेदात कोणता आकडा लिहायचा?

मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी हायस्कूलांच्या प्रवेशाचे आकडे जाहीर झाले. त्यांतलं सगळ्यांत नावाजलेलं हायस्कूल म्हणजे स्टायव्हेसंट. तिथं नववीसाठी ८९५ मुलांची निवड झाली. ५८७ मुलं आशियाई वंशाची होती आणि कृष्णवर्णीय होती ७. म्हणजे आपल्याकडच्या शाळेच्या एका रिक्षात बसतील एवढी. शहराच्या सरकारी शाळांत मात्र तेव्हा दर चार मुलांमागे साधारण एक कृष्णवर्णीय होतं.

असा आकडा वाचला की आपल्या मनात आधी वशिला येतो. पण इथं मुलाखत नाही, देणगी नाही, शिफारसपत्र नाही. एकच परीक्षा असते, उत्तरपत्रिका मशीन तपासतं, आणि मशीनला मुलाचा रंग दिसत नाही. मग हा अन्याय म्हणायचा का? म्हणायचा तर केला कुणी? अमेरिकेत या प्रश्नावर पन्नासेक वर्षं भांडण चालू आहे, आणि गेल्या काही वर्षांत तिथली भारतीय घरंही त्यात चांगलीच ओढली गेली आहेत.

आधी या शाळा कसल्या ते पाहू. न्यूयॉर्कमध्ये 'स्पेशलाइज्ड' म्हणवली जाणारी नऊ सरकारी हायस्कूलं आहेत. एक कलेचं आहे, तिथं चाचणी गाण्याची, नाचाची, चित्रांची. उरलेल्या आठांत परीक्षेनं प्रवेश. फी शून्य. स्टायव्हेसंट १९०४ चं, ब्रुकलिन टेक १९२२ चं, ब्रॉन्क्स सायन्स १९३८ चं. ब्रॉन्क्स सायन्समधून १९५० साली बाहेर पडलेले शेल्डन ग्लॅशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग हे दोन वर्गमित्र १९७९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल वाटून घेऊन गेले. गरीब, नव्यानं आलेल्या स्थलांतरितांच्या पोरांना वर काढणाऱ्या शाळा असा यांचा लौकिक आहे, आणि तो खोटा नाही. आजही स्टायव्हेसंटमधली चाळीस टक्क्यांहून अधिक मुलं सवलतीच्या जेवणाला पात्र ठरतील अशा घरांतली आहेत.

परीक्षा आठवीत, दिवाळीच्या आगेमागे. तीन तास, ११४ प्रश्न: निम्मे इंग्रजीचे, निम्मे गणिताचे. मुलानं आधी शाळांचा पसंतीक्रम भरायचा, अगदी आपल्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासारखा. नंतर सगळ्या शहराची गुणांप्रमाणे एकच यादी लागते. संगणक पहिल्या नंबरच्या मुलाला त्याची पहिली पसंती देतो, मग दुसऱ्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे. बहुतेक जण वरच्या पसंतीत स्टायव्हेसंट लिहितात, त्यामुळे ते आधी भरतं. भरलं त्या जागी जे गुण असतील तो त्या वर्षीचा कटऑफ. तो कुणी ठरवत नाही, तो पडतो.

आता एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. सहावी-सातवीत शाळेत कायम पहिली, शिक्षकांची लाडकी, घरी धाकट्या भावाला सांभाळून अभ्यास करणारी. परीक्षेच्या दिवशी गणिताचे दोन प्रश्न वेळेअभावी राहिले. तिच्या अगदी वर असलेल्या मुलाचे ते दोन प्रश्न बरोबर आले आणि रेघ नेमकी त्यांच्यामध्ये पडली. त्याला स्टायव्हेसंट, तिला नाही. तिच्या दोन वर्षांच्या प्रगतिपुस्तकाकडे कुणी बघणार नाही, कारण कायद्यानं बघताच येत नाही. दुसरी एक खोच आहे. कच्च्या गुणांचे अंतिम गुण करताना टोकाकडच्या एकेका बरोबर उत्तराला मधल्यापेक्षा जास्त वजन मिळत आलं आहे. त्यामुळे दोन्ही विषयांत सारखाच चांगला असलेल्या मुलापेक्षा, एका विषयात जवळपास पैकीच्या पैकी आणि दुसऱ्यात बेताचा असलेला मुलगा पुढे जाऊ शकतो. हे जाणणारे क्लासवाले मुलांना तशी तयारी करायला सांगतात. मुलींचंही पाहा: परीक्षेला बसणाऱ्यांत त्या निम्म्याहून किंचित जास्त असायच्या, निवड होणाऱ्यांत निम्म्याहून कमी. शाळेतल्या गुणांत मात्र मुलीच पुढे.

फक्त परीक्षा, बाकी काही नाही, हा नियम शहराचा नाही. तो राज्याचा कायदा आहे, १९७१ चा. ज्या दोन आमदारांनी तो आणला त्यांच्या नावानं त्याला हेक्ट-कॅलँड्रा कायदा म्हणतात. त्या वर्षी शहराच्या शिक्षणखात्यात कुजबुज सुरू झाली होती की ही परीक्षा कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन मुलांवर अन्याय करते का ते तपासावं. तपासणीचा निकाल येण्याआधीच पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी राज्याची राजधानी ऑल्बनी गाठली आणि तीन जुन्या शाळांचा प्रवेश केवळ स्पर्धापरीक्षेनं होईल असं कायद्यात लिहून घेतलं. रंगाचा उल्लेख न करणारा हा नियम रंगाच्या वादातूनच जन्मला, हे आज त्याचे पाठीराखे सहसा सांगत नाहीत. विरोधकही एक गोष्ट सांगायची टाळतात. हीच परीक्षा, हाच कायदा असताना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिन टेकमधली सुमारे निम्मी मुलं कृष्णवर्णीय होती, आणि १९७० च्या दशकात स्टायव्हेसंटमध्येही त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर होतं. परीक्षा तीच, मग बदललं काय?

बऱ्याच गोष्टी बदलल्या. कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या शाळांत हुशार मुलांसाठी असलेले वेगळे वर्ग एकामागून एक बंद झाले. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आशियातून आलेल्या कुटुंबांची पुढची पिढी शाळेत गेली. आणि क्लास आले.

क्लासबद्दल एक पाहिलेलं सांगतो. माझा एक वर्गमित्र न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो. त्याची मुलगी सातवीत असताना मी त्याच्याकडे चार दिवस मुक्कामाला होतो. शनिवारी साडेआठला पोरगी डबा घेऊन निघाली, तेव्हा मीही सोडायला गेलो. औषधाच्या दुकानावरचा मजला, अरुंद जिना, आणि जिन्याच्या भिंतीवर पासपोर्ट आकाराचे फोटो ओळीनं लावलेले. प्रत्येक फोटोखाली नाव आणि शाळा: स्टायव्हेसंट, ब्रॉन्क्स सायन्स, स्टायव्हेसंट, स्टायव्हेसंट. आत चिनी, बांगलादेशी, कोरियन, पंजाबी मुलं वाकून गोळे काळे करत होती. आयांमधल्या एक-दोघी रात्रपाळी करून थेट तिकडे आलेल्या. मला हसू आलं. लातूरच्या होर्डिंगावरचे चेहरेच जणू बदलून लावले होते. मी मित्राला म्हटलं, "अरे, हे तर आपली सुट्टीतली बॅच!" तो म्हणाला, "तिकडे फी बापानं भरली, इकडे मी भरतोय. बाकी काही बदललेलं नाही."

त्या जिन्यावर मला दोन्ही बाजू एकदम कळल्या. हे श्रीमंतांचे चोचले नव्हते. आणि ज्या मुलाच्या घरी ही परीक्षा असते हेच कुणाला ठाऊक नाही, त्याच्याशी ही स्पर्धा बरोबरीची नव्हती. सातवीच्या शनिवारी सकाळी तयारी सुरू करणारा आणि आठवीत सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा परीक्षेचं नाव ऐकणारा एकाच यादीत येतात. यादी रंग बघत नाही, पण ते शनिवार तिला दिसतात.

आता छेदाकडे येऊ, कारण माझ्या मते अर्धं भांडण तिथंच आहे. २०१९ मध्ये आठही शाळांसाठी साधारण २७,५०० मुलं परीक्षेला बसली आणि सुमारे ४,८०० जणांना जागा मिळाल्या. कृष्णवर्णीय मुलांना १९० जागा, म्हणजे चार टक्के. शहरातल्या एकूण विद्यार्थ्यांशी तुलना केली तर ही सहा-सात पटींची तूट आहे. पण परीक्षेला बसलेल्यांत कृष्णवर्णीय मुलं साधारण पाचवा हिस्सा होती. त्यांच्याशी तुलना केली तर तूट पाच पटींची. बसलेल्या दर शंभर कृष्णवर्णीय मुलांमागे तीन-चार निवडली गेली, तर दर शंभर आशियाई मुलांमागे तीसच्या आसपास. शहराचे विद्यार्थी छेदात घेतले तर माहिती पोचत नाही, शाळा बसवत नाही, हे दोष दिसतात. परीक्षार्थी छेदात घेतले तर आठ वर्षांच्या शिक्षणातली दरी दिसते. दोन रोगांची औषधं वेगळी आहेत, आणि वाद घालणारे आपल्याला सोयीचा छेद उचलतात.

महापौर बिल डे ब्लाझिओ यांनी जून २०१८ मध्ये परीक्षाच रद्द करायची योजना मांडली. प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या वरच्या सात टक्के मुलांना जागा द्यायच्या, म्हणजे छेद शहराचा नाही तर शाळेचा. (त्यांचा स्वतःचा मुलगा ब्रुकलिन टेकमधूनच शिकला होता, यावरून बरीच टोलेबाजी झाली.) शहराच्या एका स्वतंत्र आर्थिक कार्यालयानं हिशेब केला, तेव्हा आशियाई मुलांच्या जागा जवळपास निम्म्यावर येतील असं निघालं. चिनी पालक रस्त्यावर उतरले. त्यांचा मुद्दा असा होता: आम्ही गरीब, आमचं इंग्रजी मोडकं, आम्हाला एकच दरवाजा समजला होता, तोही आता तुम्ही हलवताय. कायदा राज्याचा असल्यानं निर्णय ऑल्बनीत होणार होता, आणि २०१९ मध्ये तो तिथंच बारगळला. त्याआधी शहरानं आपल्या हातातली एक गोष्ट केली होती. कटऑफ थोडक्यात हुकलेल्या गरीब मुलांना उन्हाळी अभ्यासक्रम करून आत घेणारी 'डिस्कव्हरी' नावाची सोय त्याच कायद्यात आहे. तिच्यासाठी २० टक्के जागा ठेवल्या, पण फक्त गरिबीचं प्रमाण जास्त असलेल्या शाळांतल्या मुलांना. बऱ्या शाळेत शिकणारं गरीब आशियाई मूल त्यामुळे वगळलं गेलं, आणि यावरचा दावा अनेक वर्षं कोर्टात फिरत राहिला.

न्यूयॉर्कमध्ये जे अडलं ते व्हर्जिनियात घडलं. वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स काउंटीत थॉमस जेफरसन हायस्कूल आहे, १९८५ पासून विज्ञान-तंत्रज्ञानाचं. सगळे त्याला 'टीजे' म्हणतात. तिथंही प्रवेशपरीक्षा होती, शंभर डॉलर अर्जाची फी होती. २०२० च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर देश पेटलेला असताना, नव्या तुकडीचे आकडे आले: ७३ टक्के आशियाई, आणि कृष्णवर्णीय मुलं इतकी कमी की दहाच्या आतला आकडा छापत नाहीत म्हणून तिथं आकडाच नव्हता. त्या वर्षाअखेर शाळामंडळानं परीक्षा आणि फी दोन्ही काढून टाकल्या. जागा वाढवून ५५० केल्या. प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखल्या. म्हणजे आठवीत ४०० मुलं असतील तर ६ जागा त्या शाळेच्या. उरलेल्या जागा सगळ्यांना खुल्या; निवडताना शाळेतले गुण, दोन लेखी उत्तरं, आणि मूल गरीब घरातलं आहे का, घरी दुसरी भाषा आहे का, याला थोडं वजन. निवड करणाऱ्यांना अर्जावर नाव दिसत नाही, वंश दिसत नाही.

पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचं प्रमाण ७३ वरून ५४ टक्क्यांवर आलं. कृष्णवर्णीय सात टक्क्यांच्या आसपास, लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची मुलं, तीनवरून अकरा. मला सगळ्यांत बोलका वाटतो तो दुसराच आकडा: गरीब घरांतली मुलं आधी शंभरात एकही नव्हती, ती पंचवीस झाली.

इथं भारतीय पालक चांगलेच पुढे होते. विरोधात उभ्या राहिलेल्या 'कोअलिशन फॉर टीजे' या पालकसंघटनेच्या संस्थापकांपैकी एक, पत्रकार असरा नोमानी, यांचा जन्म मुंबईचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं: परीक्षा काढली ती आमची मुलं जास्त झाली म्हणून. मंडळाच्या दोन सदस्यांच्या आपापसातल्या संदेशांतही या सगळ्याला आशियाईविरोधी वास येतोय अशी कबुली सापडली.

कोर्टात काय झालं ते समजायला अमेरिकी कायद्याची एक गाठ सोडवावी लागते. आपल्याकडे आरक्षण उघड आहे. राज्यघटना त्याला मोकळीक देते, प्रवर्ग छापलेले असतात, टक्के छापलेले असतात. नवोदय विद्यालयात जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, हे आपण वादाविना स्वीकारतो. अमेरिकेत १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं सर्वांना समान संरक्षण दिलं, आणि तिथलं सर्वोच्च न्यायालय त्याचा अर्थ असा लावत गेलं की सरकारनं वंश बघून जागा देणं जवळजवळ निषिद्ध. शाळांबाबत हे २००७ मध्ये सिअॅटल आणि लुइव्हिलच्या प्रकरणात झालं, विद्यापीठांबाबत २०२३ मध्ये हार्वर्डच्या. त्यामुळे 'कृष्णवर्णीयांना इतक्या जागा' असं कुणी लिहूच शकत नाही. मग वाट उरते ती आडून जाण्याची: शाळा, वस्ती, उत्पन्न. नियम वंश बोलत नाही, पण परिणाम वंशावर होतो. हे चालतं का?

१९७६ पासून न्यायालयाचं उत्तर असं आहे की नुसता परिणाम पुरेसा नाही, हेतू सिद्ध करा. १९७९ च्या एका निकालात त्याची कसोटी दिली आहे: नियम एखाद्या गटाचं नुकसान व्हावं या कारणामुळे केला, की नुकसान दिसत असूनही केला? 'मुळे' असेल तर रद्द, 'असूनही' असेल तर वैध. या एका शब्दानं इतकी वर्षं कृष्णवर्णीय पालकांचे हात बांधले होते. न्यूयॉर्कची परीक्षा त्यांना बाहेर ठेवण्यासाठी चालवली जाते हे ते सिद्ध करू शकत नाहीत. टीजेमध्ये तीच दोरी आशियाई पालकांच्या हाताला बसली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये खालच्या कोर्टानं नवा नियम घटनाबाह्य ठरवला. मे २०२३ मध्ये वरच्या कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं तो निकाल फिरवला. आणि फिरवताना मुख्य प्रश्न कोणता होता? छेदाचाच. पालक म्हणत होते, गेल्या वर्षीशी तुलना करा: ७३ चे ५४ झाले, हे नुकसान. बहुमत म्हणालं, अर्जदारांशी तुलना करा: अर्ज करणाऱ्यांत आशियाई मुलं साधारण ४८ टक्के, निवडलेल्यांत ५४ टक्के, ज्यांना त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त मिळालं त्यांच्यावर अन्याय कसा? आकडे तेच, पण वजाबाकी करा की भागाकार, त्यावर निकाल उलटा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती अॅलिटो यांनी थॉमस यांच्यासह विरोध नोंदवला आणि बास्केटबॉलचं उदाहरण दिलं: संघात बहुतेक कृष्णवर्णीय मुलं आहेत म्हणून गोऱ्या पालकांनी कुरकुर केली आणि त्यांतल्या काहींना सबब काढून वगळलं, तर उरलेली अजून जास्तच आहेत म्हणून ते चालेल का?

उदाहरण जिव्हारी लागणारं आहे, मान्य. पण माझं मन एका ठिकाणी अडतं. बास्केटबॉलच्या संघात सामना जिंकायचा असतो. तेरा वर्षांच्या मुलाला शाळेत घेताना आपण काय जिंकायला निघालो आहोत? आजवर किती आलं याचं बक्षीस द्यायचं असेल तर परीक्षा उत्तम. पुढे किती येईल याचा अंदाज घ्यायचा असेल, तर क्लासविना ९० आणि क्लाससह ९३ यांत कोण जास्त हुशार हे मला तरी छातीठोक सांगता येणार नाही. म्हणून टीजेचा दीड टक्क्याचा नियम मला पटतो. त्याच्या निबंधवाल्या भागाबद्दल मात्र मी साशंक आहे. तिथं कुणी किती गुण का दिले हे पालकाला कळत नाही, आणि इंग्रजीत स्वतःबद्दल छान लिहिण्याचेही क्लास निघायला वेळ लागत नाही. परीक्षेचा क्रूरपणा निदान उघड्यावर असतो.

इतर शहरांचं थोडक्यात. १६३५ साली स्थापन झालेल्या बॉस्टन लॅटिन शाळेत २०२० च्या साथीत परीक्षा थांबवून पिनकोडप्रमाणे जागा वाटल्या. ते प्रकरणही ऐकायला सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये नकार दिला. शिकागो शहर वस्त्यांचे उत्पन्न-शिक्षणानुसार चार थर करतं. ३० टक्के जागा शहराच्या एकाच यादीनं, उरलेल्या त्या चार थरांत. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेल हायस्कूलची गोष्ट उलटीसुलटी आहे. १९८३ च्या कोर्टाच्या तडजोडीत तिथं एका वंशाची मुलं ४० टक्क्यांहून जास्त नकोत असं ठरलं, त्यामुळे चिनी मुलांना इतरांपेक्षा जास्त गुण लागू लागले. १९९४ मध्ये चिनी पालक कोर्टात गेले आणि ती मर्यादा गेली. २०२१ मध्ये मंडळानं गुण सोडून सोडत लावली. पुढच्याच वर्षी मतदारांनी तीन सदस्यांना घरी बसवलं आणि गुण परत आले.

न्यूयॉर्कमध्ये काय? १९७१ चा कायदा जागचा हललेला नाही. परीक्षा कागदावरून संगणकावर आली, यादी तशीच वरून खाली उतरते. २०२५ साली स्टायव्हेसंटनं ७८१ मुलांना प्रवेश देऊ केला. कृष्णवर्णीय ८.